डॉ. विष्णु माधव घाटगे

संक्रांतीच्या दिवशी नागपुरातील घरांच्या गच्च्या मुलांनी फुलून जातात. पतंगाची कण्णी बरोबर बांधलेली असली, की तो सरळ वर चढतो. पण तिचा एक दोरा बोटभर आखूड झाला, तर तोच पतंग गिरक्या घेत खाली येतो. वारा तोच, कागद तोच, कामट्याही त्याच. मग एवढा फरक कशाने पडतो? पतंग उडविणारा मुलगा या प्रश्नाचा फारसा विचार करीत नाही. तो कण्णी सोडतो, पुन्हा बांधतो आणि पुन्हा उडवून पाहतो. परंतु ज्याला माणसे बसलेले विमान आकाशात पाठवावयाचे आहे, किंवा खाडीवर अर्धा कोस लांबीचा पूल टांगावयाचा आहे, त्याला अशी पुन्हा पुन्हा बांधून पाहण्याची सवलत नसते. त्याला वाऱ्याचे शास्त्रच शिकावे लागते. हे शास्त्र आपल्या देशात ज्यांनी आणले व रुजविले, त्यांत डॉ. विष्णु माधव घाटगे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

कोल्हापूर जिल्ह्यात, कर्नाटकाच्या सीमेला लागून गडहिंग्लज नावाचा तालुका आहे. हिरण्यकेशी नदीच्या पाण्यावर पोसलेला हा मुलूख. या तालुक्यातील हसूरचंपू या लहानशा गावी २४ ऑक्टोबर १९०८ रोजी विष्णुपंतांचा जन्म झाला. राइट बंधूंनी आपले पहिले विमान उडविले त्याला तेव्हा पाच वर्षेही पूर्ण झाली नव्हती. भारताच्या आकाशात विमान दिसण्यास तर आणखी दोन वर्षे अवकाश होता. हसूरचंपूच्या शिवारात उडणारी वस्तू म्हणजे घार, पोपट आणि सुगीच्या वेळी खळ्यावर वाऱ्याने उडणारा भुसा, एवढीच काय ती!

योगायोग असा, की ज्या वर्षी या बालकाचा जन्म झाला, त्याच वर्षी तेथून हजारो मैलांवर जर्मनीतील गोटिंगेन या विद्यानगरीत एक चमत्कारिक इमारत कामास लागली. तिच्यात दोन मीटर रुंद व दोन मीटर उंच असा एक बोगदा होता. त्यात एका मोठ्या पंख्याने वारा सोडला जाई आणि तोच वारा चौकोनी वाटेने वळून पुन्हा पंख्याकडे येई. लुडविग प्रांट्ल नावाच्या प्राध्यापकाने तो बांधविला होता. हा बोगदा आणि हा बालक यांची गाठ पुढे पडावयाची होती.

विष्णुपंतांची बुद्धी गणितात विशेष चाले. त्यांनी गणित विषय घेऊन पदवी संपादन केली आणि पुढे मुंबई विद्यापीठाची पदार्थविज्ञानातील एम्. एस्सी. ही पदवी मिळविली. त्या काळी एवढ्या शिक्षणावर चांगली सरकारी नोकरी मिळत असे आणि बहुतेक तरुण तीच पत्करीत. विष्णुपंतांनी मात्र गोटिंगेनची वाट धरली व प्रांट्ल यांचे शिष्यत्व पत्करले.

हे प्रांट्ल कोण, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कारण त्याशिवाय घाटग्यांनी काय शिकून आणले ते कळणार नाही. नदीच्या पुलावर उभे राहून खाली पाहिले, तर मधल्या धारेचे पाणी वेगाने धावताना दिसते; परंतु अगदी काठाला चिकटलेले पाणी जवळजवळ स्थिर असते. हवेचेही तसेच आहे. विमानाच्या पंखाला अगदी लागून असलेली हवा पंखाला चिकटून राहते. तिच्यावरची हवा थोडी सरकते, तिच्या वरची त्याहून अधिक, आणि काही अंतरावर गेले की वारा पूर्ण वेगाने वाहत असतो. हा मधला थर अत्यंत पातळ असतो. परंतु पंखाला वर उचलणारा वारा पंखाशी लगट करून राहील, की त्याच्यापासून सुटून भोवरे करीत निघून जाईल, हे या पातळ थरावरच ठरते. वारा सुटला, की पंखाचा आधार गेला. १९०४ साली प्रांट्ल यांनी ही गोष्ट जगापुढे मांडली आणि एक जुने कोडे सुटले. वाऱ्याच्या आधुनिक शास्त्राचे, म्हणजेच वायुगतिकीचे, ते जनक मानले जातात.

प्रांट्ल यांची दुसरी देणगी म्हणजे वर सांगितलेला बोगदा. अशा बोगद्याला वातविवर असे नाव आहे. त्यामागील कल्पना अगदी साधी आहे. विमान स्थिर हवेतून धावले काय, किंवा विमान स्थिर ठेवून त्यावर तितक्याच वेगाने वारा सोडला काय, विमानाला लागणारा जोर सारखाच. मग खरे विमान उडवून जीव धोक्यात कशाला घालावयाचा? त्याची लहानशी प्रतिकृती करावी, ती बोगद्यात तराजूला टांगावी व पंखा सुरू करावा. वारा तिला किती वर उचलतो, किती मागे ढकलतो आणि कोणत्या बाजूला कलंडवितो, हे तराजूचे काटे सांगतात. राइट बंधूंनीही १९०१ साली सहा फूट लांबीची एक लाकडी पेटी करून तीत सुमारे दोनशे प्रकारच्या छोट्या पंखांची परीक्षा घेतली होती. त्यांच्या यशाचे पुष्कळसे रहस्य त्या पेटीतच होते.

कल्पना साधी असली, तरी काम साधे नाही. प्रतिकृती म्हणजे नुसते खेळणे नव्हे. खरी वस्तू वीस पटींनी लहान केली, तरी तिच्यावरून वाहणारी हवा काही वीस पटींनी पातळ होत नाही. ती आहे तशीच राहते. त्यामुळे छोट्या प्रतिकृतीवरील मापे खऱ्या विमानाला लावताना फार विचार करावा लागतो. कोठे, किती व कसा फरक पडतो, हे ठरविण्यासाठी गणित हवे. गणित आणि हातकाम यांची जोड घालणे, हीच गोटिंगेनची परंपरा होती.

विष्णुपंत शिकत होते तो काळ मोठा कठीण होता. १९३३ साली जर्मनीची सत्ता हिटलरच्या हाती गेली आणि माक्स बोर्न, जेम्स फ्रांक यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञांना गोटिंगेन सोडून जावे लागले. ज्या नगरीत जगभरचे विद्यार्थी ज्ञानासाठी येत, तिचे वैभव पाहता पाहता ओसरले. अशा दिवसांत, परक्या भाषेत शिकून, विष्णुपंतांनी आपला अभ्यास पुरा केला. १९३६ साली त्यांना गोटिंगेनची डॉक्टरेट मिळाली. विमानशास्त्रात प्रांट्ल यांच्या हाताखाली हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होते.

ते स्वदेशी परतले. परंतु येथे त्यांच्या विद्येला करण्याजोगे काम कोठे होते? त्या वेळी भारतात विमाने बांधणारा एकही कारखाना नव्हता. वातविवरातून तावूनसुलाखून निघालेला शास्त्रज्ञ आणि त्याच्यापुढे विमानाचा सुटा खिळाही नाही, अशी ही अवस्था होती. ती बदलण्यास चार वर्षे लागली.

ही चार वर्षे संपत होती तेव्हा, १९४० सालच्या नोव्हेंबरात, अमेरिकेत एक घटना घडली. तिचा विमानांशी संबंध नव्हता. परंतु वाऱ्याच्या शास्त्राकडे साऱ्या जगातील अभियंत्यांचे लक्ष तिने वेधले.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर टॅकोमा नावाचे शहर आहे. तेथील समुद्राच्या चिंचोळ्या पट्ट्यावर १ जुलै १९४० रोजी एक झुलता पूल रहदारीस खुला झाला. दोन उंच मनोऱ्यांवरून पोलादी दोर सोडले होते आणि त्यांना पुलाचा रस्ता टांगलेला होता. दोन मनोऱ्यांमधील अंतर २८०० फूट. त्या वेळी जगात तिसऱ्या क्रमांकाचे! पुलाची रुंदी मात्र अवघी ३९ फूट होती. रस्त्याच्या दोन्ही कडांना आठ फूट उंचीच्या सलग पोलादी पत्र्यांच्या तुळया होत्या. पूल दिसावयास सडपातळ व सुंदर होता आणि खर्चही कमी आला होता. तज्ज्ञांनी वाऱ्याच्या दाबाचा हिशेब केलेला होता. वारा पुलाला एका बाजूने किती ढकलील, हे त्यांनी पाहिले होते. परंतु वारा पुलाला नाचवील, हे त्यांनी पाहिले नव्हते.

पूल बांधला जात असतानाच तो वरखाली हेलकावे घेऊ लागला. थोड्याशा वाऱ्यातही रस्त्यावर लाटा उठत. पुढची मोटार लाटेमागे दिसेनाशी होई व पुन्हा वर येई. लोकांना याची मौज वाटू लागली. लांबून लांबून माणसे केवळ या पुलावरून जाण्यासाठी येत व टोल भरीत. त्याला त्यांनी घोड्यासारखा दौडणारा पूल असे विनोदाने नावही देऊन टाकले.

ज्यांना मौज वाटत नव्हती, त्यांत वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्राध्यापक फार्कर्सन हे होते. त्यांच्याकडे पुलाच्या रोगाचे निदान करण्याचे काम आले होते. त्यांनी संपूर्ण पुलाची दोनशेपट लहान अशी एक प्रतिकृती केली आणि रस्त्याच्या एका तुकड्याची वीसपट लहान अशी दुसरी. कोणता वारा लागला म्हणजे पूल कसा हलतो, हे ते या प्रतिकृतींवर तपासू लागले. २ नोव्हेंबर १९४० रोजी त्यांचे पहिले प्रयोग संपले व उपाय सापडला. कडेच्या सलग पत्र्यांवर वारा आपटतो आणि तेथे भोवरे उठतात. तेव्हा एकतर त्या पत्र्यांना मोठी भोके पाडावीत, नाहीतर त्यांच्यावर वक्राकार आवरण बसवून वाऱ्याला वाट करून द्यावी, असे त्यांचे मत झाले.

उपाय अमलात येण्यास थोडे आठवडे हवे होते. मिळाले पाचच दिवस.

७ नोव्हेंबरची सकाळ उजाडली. वारा ताशी सुमारे ४२ मैलांच्या वेगाने वाहत होता. हा वेग मोठा खरा, पण वादळाचा म्हणावा असा नव्हे. याच्या कितीतरी पट दाब पुलाने सहज सोसला असता. दहाच्या सुमारास पुलाची चाल एकाएकी बदलली. आतापर्यंत तो वरखाली होत होता. आता तो पिळू लागला. ओले धोतर पिळताना त्याची दोन टोके उलटसुलट फिरवावीत, तसा रस्ता एकदा या अंगाला व एकदा त्या अंगाला कलंडू लागला. एका वार्ताहराची मोटार पुलावर अडकली. तो हातांवर व गुडघ्यांवर रांगत कसाबसा बाहेर आला. परंतु त्याच्या घरचा कुत्रा मोटारीतच राहिला. फार्कर्सन त्या वेळी पुलाची छायाचित्रे घेण्यासाठी तेथेच होते. ते स्वतः त्या नाचत्या पुलावरून मोटारीपर्यंत गेले. भेदरलेल्या कुत्र्याने त्यांच्या बोटाला चावा घेतला व तो काही केल्या बाहेर येईना. शेवटी प्राध्यापकांना परतावे लागले. अकराच्या सुमारास मधला रस्ता तुटून समुद्रात कोसळला. एकही मनुष्य दगावला नाही. त्या मुक्या प्राण्याचा मात्र बळी गेला.

झोपाळ्याला कोणी बरोबर वेळ साधून झोके दिले, तर तो उंच उंच जातो. टॅकोमाच्या पुलाचेही तसेच झाले, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. ते पूर्णपणे बरोबर नाही. झोपाळ्याला बाहेरचा मनुष्य वेळ साधून धक्का देतो. येथे वारा काही वेळ साधीत नव्हता. तो सारखाच वाहत होता. पूल थोडासा पिळला, की त्याच्या कडेला उठणारे भोवरे वेगळ्या जागी सरकत व त्याला आणखी पिळत. म्हणजे पुलाची स्वतःची हालचालच वाऱ्याकडून अधिक जोर ओढून घेत होती. विमानाच्या पंखालाही असाच थरकाप सुटू शकतो, हे विमानशास्त्रज्ञांना ठाऊक होते. पूल बांधणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते, कारण दोघांची शास्त्रे वेगळी मानली जात आणि दोघांची फारशी बोलचाल नव्हती.

या अपघाताच्या चौकशीसाठी जे तीन तज्ज्ञ नेमले गेले, त्यांपैकी एक थिओडोर फॉन कार्मान हे होते. ते मूळचे हंगेरीचे. त्यांनीही प्रांट्ल यांच्याच हाताखाली गोटिंगेनला डॉक्टरेट मिळविली होती, आणि तीही १९०८ साली! म्हणजे ते घाटग्यांचे गुरुबंधूच. चौकशीनंतर फार्कर्सन यांनी मोठ्या वातविवरात नव्या पुलाची सुमारे शंभर फूट लांबीची प्रतिकृती उभी केली. तिच्यावर सर्व अंगांनी वारा सोडून पाहिल्यावरच नव्या पुलाचे नकाशे पक्के झाले. सलग पत्र्यांच्या जागी ३३ फूट उंचीच्या जाळीदार तुळया आल्या. त्यांतून वारा आरपार जाऊ लागला. हा पूल ऑक्टोबर १९५० मध्ये खुला झाला. तेव्हापासून मोठा झुलता पूल बांधण्यापूर्वी त्याच्या प्रतिकृतीला वातविवराची परीक्षा द्यावी लागते.

टॅकोमाचा पूल पडल्यानंतर दीड महिन्याने, डिसेंबर १९४० मध्ये, बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्याची स्थापना झाली. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने हे धाडस केले होते. डॉ. घाटगे या कारखान्यात दाखल झाले. महायुद्ध पेटलेले होते. प्रारंभी कारखान्यात परदेशी विमानांचे सुटे भाग जोडले जात. पुढे तर युद्धात मोडलेली विमाने दुरुस्त करण्यातच त्याची सर्व शक्ती खर्च होऊ लागली. दुरुस्ती करणे वेगळे व नवे विमान योजणे वेगळे. शिंपी उसवलेला अंगरखा शिवून देतो. पण म्हणून त्याला कापड विणता येतेच असे नाही. अशाही स्थितीत डॉ. घाटग्यांनी दहा माणसे बसतील असे एक ग्लायडर, म्हणजे इंजिनावाचून तरंगणारे विमान, योजून बांधविले. आकाराने ती लहान गोष्ट होती. परंतु कारखान्यात भारतीयांच्या कल्पनेतून उतरलेले पहिले उडते यान ते हेच.

कारखाना उभा राहिला, पण विमानविद्या शिकलेली माणसे कोठून आणावयाची? हा प्रश्न सोडविण्यास बंगलोरचीच एक जुनी संस्था पुढे आली. तिचा नागपूरशी दूरचा, पण महत्त्वाचा संबंध आहे. जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली. त्यांच्या पुढील उद्योगांचा पाया या गिरणीने घातला. आपल्या संपत्तीतून देशात एक थोर विज्ञानसंस्था उभी करावी, असे त्यांच्या मनाने घेतले. ती पाहण्यास ते राहिले नाहीत. परंतु १९०९ साली बंगलोरला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही संस्था स्थापन झाली. नागपूरच्या मागावर विणलेल्या कापडाचा एखादा धागा असा दूर बंगलोरपर्यंत पोहोचला, असे म्हणण्यास हरकत नाही. या संस्थेत डिसेंबर १९४२ मध्ये विमानविद्येचा विभाग उघडला, आणि त्याची धुरा डॉ. घाटगे यांच्याकडे आली.

गोटिंगेनला शिकलेली विद्या शिकविण्याची संधी त्यांना येथे मिळाली. हवेचे थर, पंखांचे आकार, वातविवरातील मापे हे सारे आता भारतीय विद्यार्थी आपल्याच देशात शिकू लागले. संस्थेत वातविवर उभे राहिले. प्रांट्ल यांचे दुसरे एक शिष्य टीट्येन्स हेही पुढे या विभागात प्राध्यापक म्हणून आले. त्यामुळे गोटिंगेनची परंपरा येथे दृढ झाली. १९५९ साली तेथे चौदा फूट रुंद व नऊ फूट उंच तोंडाचे आणखी मोठे वातविवर सुरू झाले. विमानांच्या प्रतिकृतींप्रमाणे उंच इमारती व धुराडी यांच्या प्रतिकृतीही अशा वातविवरात तपासल्या जातात. वाऱ्याला काय, विमान आणि धुराडे दोन्ही सारखीच!

देश स्वतंत्र झाला, तेव्हा डॉ. घाटगे चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. त्यांच्या आयुष्यातील मुख्य कार्य आता सुरू झाले. भारतीय वायुदलाच्या नव्या वैमानिकांना शिकण्यासाठी एक विमान हवे होते. त्या वेळी वापरात असलेले टायगर मॉथ हे विमान कापडाने मढविलेले आणि जुन्या पद्धतीच्या दुहेरी पंखांचे होते. ब्रिटिश नकाशांवरून प्रेंटिस नावाचे विमान कारखान्यात बांधले जाऊ लागले होते. मग तसेच पुढे चालू ठेवण्यास काय हरकत होती? हरकत हीच, की दुसऱ्याच्या नकाशावरून कितीही विमाने बांधली, तरी नकाशा काढण्याची विद्या येत नाही. १९४८ साली नव्या विमानाच्या योजनेस आरंभ झाला आणि तिचे नेतृत्व डॉ. घाटगे यांनी केले. विमानाला हिंदुस्थान ट्रेनर-२, म्हणजेच एच. टी. २, असे नाव मिळाले.

शिकाऊ वैमानिकाचे विमान योजणे सोपे असेल, असे वाटते. वास्तविक ते फार अवघड आहे. मुरलेला वैमानिक विमानाच्या खोडी सांभाळून घेतो. नवखा मुलगा चुका करणारच. तो वेग कमी करील, नाक अधिक वर उचलील. मग पंखावरची हवा सुटेल, आणि विमान फिरकीसारखे गरगरत खाली येऊ लागेल. अशा वेळी योग्य हालचाल केली, तर विमानाने त्या गिरकीतून बाहेर आले पाहिजे. म्हणून विमान आज्ञाधारक हवे. पण इतकेही आज्ञाधारक नको, की शिकणाऱ्याला आपली चूक कळूच नये. पुन्हा ते दणकट हवे, कारण नवशिक्याच्या हातून विमान जमिनीवर टेकते ते अलगद क्वचितच टेकते.

एच. टी. २ संपूर्ण धातूचे, एकेरी पंखांचे होते. शिष्य व गुरू त्यात एकामागे एक बसत. पंखाचा आकार, शेपटीची उंची, वजनाचा तोल यांपैकी प्रत्येक गोष्टीचा हिशेब भारतीय तरुणांनी केला. त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्यापूर्वी एकही विमान योजलेले नव्हते. हिशेबात चूक राहिली असती, तर ती पतंगाच्या कण्णीसारखी सोडून बांधता आली नसती. तिची किंमत एका माणसाच्या प्राणांनी मोजावी लागली असती.

तो माणूस होता कॅप्टन जमशेद मुन्शी, कारखान्याचा परीक्षक वैमानिक. १९५१ सालच्या ऑगस्ट महिन्यात त्याने हे विमान प्रथम आकाशात नेले व सुखरूप खाली आणले. स्वतंत्र भारतात योजलेले व बांधलेले विमान उडाले. देशाला स्वतंत्र होऊन तेव्हा अवघी चार वर्षे होत होती.

पुढे अशी सुमारे १७० विमाने बांधली गेली. काही विमाने आफ्रिकेतील घाना या देशाने विकत घेतली. भारतीय वायुदलातील वैमानिकांच्या कितीतरी पिढ्यांनी आकाशातील पहिले धडे याच विमानात गिरविले. तीन दशकांहून अधिक काळ ते सेवेत होते. मात्र एक उणीव सांगितली पाहिजे. विमानाचे इंजिन ब्रिटिश होते. पंख आपले, पण हृदय परक्याचे, अशी ही स्थिती पुढील विमानांतही राहिली. एका माणसाच्या किंवा एका कारखान्याच्या बळावर सुटण्याजोगा तो प्रश्न नव्हता.

यानंतर डॉ. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली एकामागून एक विमाने आकाराला आली. १९५८ साली उडालेले पुष्पक हे दोन आसनांचे हलके विमान देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेले. हौशी तरुणांनी त्यावर विमान चालविण्याचे शिक्षण घेतले. त्याच्या पाठोपाठ टेहळणीसाठी कृषक हे विमान आले. याच सुमारास जर्मन तज्ज्ञ कुर्ट टांक हे मरुत हे जेट लढाऊ विमान बंगलोरला योजीत होते. त्याची परीक्षा घेण्यासाठी प्रथम खऱ्या मापाचे लाकडी ग्लायडर करून ते १९५९ साली उडविले गेले. प्रतिकृती ती केवढी, तर विमानाएवढी!

डॉ. घाटगे यांची सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे किरण हे जेट विमान. झोताच्या बळावर चालणाऱ्या विमानांसाठी वैमानिक तयार करावयाचे, तर शिकविण्याचे विमानही तसेच पाहिजे. किरणमध्ये गुरू व शिष्य एकमेकांशेजारी बसत, त्यामुळे शिष्याचा हात कोठे चुकतो, ते गुरूला तत्काळ दिसे. ४ सप्टेंबर १९६४ रोजी किरणने पहिले उड्डाण केले. पुढच्याच वर्षी भारत सरकारने डॉ. घाटगे यांना पद्मश्री ही पदवी देऊन त्यांचा गौरव केला. कारखान्याच्या कारभाराची वरिष्ठ पदेही त्यांनी भूषविली; परंतु त्यांची ओळख राहिली ती विमाने योजणारा माणूस म्हणूनच. विमानशास्त्रज्ञांच्या भारतीय संस्थेने त्यांच्या नावाचा पुरस्कार ठेवला आहे.

६ डिसेंबर १९९१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, डॉ. विष्णु माधव घाटगे यांचे निधन झाले. त्यानंतर पाच वर्षांनी वायुदलाने सूर्यकिरण नावाचे हवाई कसरतींचे पथक उभारले. त्याच्यासाठी विमान निवडले गेले ते किरणच. २०११ सालापर्यंत नऊ किरण विमाने एकमेकांच्या पंखांना जवळजवळ पंख भिडवून भारताच्या आकाशात फिरत राहिली. आणि बंगलोरच्या विमानसंग्रहालयात एच. टी. २ आजही उभे आहे. त्याची पुढची चाके जमिनीवर टेकलेली आहेत, शेपूट खाली आहे आणि नाक वर, आकाशाकडे आहे.